दम्याच्या मुलांना मैदानापासून तोडू नका

संपादक महोदय,

मुलाला दमा असल्याचे कळले की पालक खेळाच्या तासातून सूट मागणारा अर्ज आणतात आणि शाळाही तो लगेच मंजूर करते. त्यामागची काळजी खरी असली, तरी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका म्हणून मला ही सूट मुलांच्या हिताची वाटत नाही. ब्रिटनच्या धावपटू पॉला रॅडक्लिफ यांना शाळकरी वयापासून दमा होता आणि त्यांनी २००३ साली लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला. प्रत्येक मूल विक्रमवीर होणार नाही, पण योग्य उपचार चालू असतील तर बहुतेकांना मनसोक्त खेळता येते.

वेगाने धावताना आपण तोंडाने श्वास घेतो. नाकात गरम आणि दमट होणारी हवा मग थंड व कोरडीच श्वासनलिकांत शिरते, त्यांचे अस्तर कोरडे पडते आणि भोवतीचे स्नायू आवळले जातात. हा त्रास अनेकदा धावणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत वाढतो, त्यामुळे शिक्षकांचे लक्ष तोवर दुसरीकडे गेलेले असते. मूल गुडघ्यांवर हात टेकून वाकते, खांदे वर उचलले जातात, श्वासागणिक गळ्याजवळ खळगा पडतो आणि विचारलेल्या प्रश्नाला ते तुटक शब्दांत उत्तर देते. ही नुसती दमणूक नव्हे.

असे वारंवार घडत असेल, तर खेळ बंद करण्याऐवजी आधी डॉक्टरांकडून उपचार तपासून घ्यावेत. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रासासाठी तातडीचा पंप (श्वासनलिका लगेच मोकळ्या करणारे, श्वासावाटे घ्यायचे औषध) लागणे, म्हणजे दमा आटोक्यात नसणे. श्वासनलिकांची सूज कमी करणारा रोजचा पंप 'आता बरे वाटते' म्हणून परस्पर बंद करण्याची सवय फार घातक आहे. काहींना डॉक्टर खेळाच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पंप घ्यायला सांगतात. तो घ्यावा आणि तेवढाच वेळ हळूहळू वेग वाढवत अंग मोकळे करावे. थंडीत नाकातोंडावर रुमाल बांधल्यानेही फरक पडतो. सर्दी-खोकला असेल किंवा हवेत धूर, धूळ असेल, त्या दिवशी मात्र जोराचा व्यायाम टाळलेलाच बरा.

माझा खरा आग्रह पंपाच्या जागेबद्दल आहे. कित्येक शाळांत तो कार्यालयातल्या कपाटात कुलूपबंद असतो. तो मुलाच्या नावासह, स्पेसर (पंपाला जोडायची, औषध नीट आत घ्यायला मदत करणारी नळी) आणि डॉक्टरांच्या लेखी सूचनेसकट मैदानाच्या कडेला हाताशी हवा. धाप लागताच खेळ थांबवून मुलाला ताठ बसवावे, आडवे करू नये आणि सूचनेप्रमाणे पंप द्यावा. तरीही आराम पडत नसेल, बोलणे जमत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर पालकांची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत पंप देत राहावे.

— एक शारीरिक शिक्षण शिक्षिका