ऑइल वाढलं म्हणून आनंद मानायचा?

प्रति,
ग्राहकसेवा विभागप्रमुख

विषय : टर्बो डिझेल गाडीच्या इंजिनात वाढणारं ऑइल, निकामी झालेला टर्बो आणि नाकारलेली वॉरंटी

महोदय,

तुमच्या ग्राहकसेवेचा फोन आत्ताच ठेवला. तक्रार क्रमांक आणि चासी नंबर तुमच्याकडे आहेतच, दर फोनला मीच ते नव्याने वाचून दाखवते.

इंजिन तुम्हीच बनवलंय, त्यामुळे तुम्हाला शिकवायची गरज नसावी. तरी तुमच्या माणसांसाठी लिहिते. डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळीच्या गाळणीत, साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. रोजच्या चालवण्यात एक्झॉस्ट तेवढा तापत नाही, म्हणून तुमचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंधन जळून गेल्यावर सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला लागून, रिंगांना चुकवून खाली ऑइलमध्ये उतरतं. हे काजळी जाळणं, म्हणजे रिजनरेशन, मध्येच तुटून पुन्हा पुन्हा सुरू झालं की आणखी उतरतं. पेट्रोल गरम ऑइलमधून बरंचसं उडून जातं, डिझेल तसं जात नाही. मग ऑइल पातळ होतं आणि पातळी वर चढते. हा माझा शोध नाही. तुमच्याच मॅन्युअलमध्ये चौकट करून छापलंय, की पातळी ‘मॅक्स’च्या वर गेली तर गाडी चालवू नका, ऑइल बदलून घ्या.

माझ्या गाडीची पातळी मॅक्सच्या खुणेवर बोटभर गेली होती. डिपस्टिक पुसून पुन्हा घातली, पुन्हा तेच. ऑइलचा थेंब काडीवर ठरत नव्हता, पाण्यासारखा घरंगळत होता आणि बोटाला चक्क डिझेलचा वास येत होता. सर्व्हिसिंग होऊन फार काळ लोटला नव्हता. त्या सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर ‘ऑइल लेव्हल ओके’ लिहिलेलं आहे.

म्हणून त्याच वेळी फोन केला. तो संवाद तुम्ही रेकॉर्ड करता म्हणे, तेव्हा जरूर ऐका. मी म्हटलं, इंजिनात ऑइल वाढतंय. पलीकडून विचारणा झाली, “कमी होतंय का मॅडम?” म्हटलं, नाही, वाढतंय. थोडा वेळ कीबोर्डचा खडखडाट. मग, “मॅडम, घरात गाडीचं जे बघतात त्यांच्याशी बोलता येईल का?” म्हटलं, मीच बघते. त्यावर गृहस्थ अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “मग टेन्शन घेऊ नका. ऑइल कमी झालं तर गळती असते. वाढलं म्हणजे इंजिन चांगलंय. उलट आनंदच मानायचा!” मी मॅन्युअलचं पान वाचून दाखवायला लागले, तर म्हणाले की ते जनरल लिहिलेलं असतं. वरिष्ठांना फोन द्या म्हटलं, तर वरिष्ठ मीटिंगमध्ये. अन्य काही मदत हवी आहे का, हेही विचारून झालं. आनंद मानायचा! माझ्या इंजिनात आपोआप ऑइल पैदा होत असेल तर तुम्ही गाड्या विकणं सोडून तेलाचाच धंदा काढावा.

पुढे जे व्हायचं तेच झालं. तुमच्या ब्रोशरमध्ये १७५० आरपीएमपासून पूर्ण टॉर्कचं मोठं कौतुक आहे. माझी गाडी २५०० ला सुद्धा उचलेना. आधी शिट्टीसारखा आवाज, मग निळसर धूर, मग लिम्प मोड, म्हणजे इंजिनने स्वतःला वाचवायला ताकदच कमी केली. स्कॅनरवर पी ०२९९ कोड, म्हणजे बूस्ट कमी, टर्बो इंजिनात पुरेशी हवा दाबून भरत नाहीये. टर्बोचा पाइप काढल्यावर तुमच्याच मेकॅनिकने कॉम्प्रेसरचं चाक दोन बोटांत धरून हलवून दाखवलं. ते आडवं डुगडुगत होतं आणि आतल्या अ‍ॅल्युमिनियमवर पात्यांनी ओरखडे काढले होते. एवढ्या लहान टर्बोचा शाफ्ट मिनिटाला २ लाखांच्या घरात फेरे घेतो आणि तरंगतो तो फक्त ऑइलच्या फिल्मवर. त्या ऑइलमध्ये डिझेल कालवलं की बेअरिंगचं काय होणार, हे त्या मुलाला कळत होतं. तो बिचारा काही बोलला नाही, सुपरवायझर शेजारी उभे होते.

आता तुमचं उत्तर : “ऑइलचा दर्जा खालावल्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.” ऑइल तुमचं, तुमच्याच वर्कशॉपमध्ये भरलेलं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं. त्यात डिझेल मिसळणारं सॉफ्टवेअरही तुमचं. मग दर्जा खालावला कुणी? वर सल्ला, की तुमचं रनिंग जवळचं आहे, डिझेल घ्यायलाच नको होतं. हे बुकिंग घेताना सांगायचं होतं. तेव्हा रोजचं अंतर विचारून तुमच्या सेल्समनने स्वतः डिझेलच सुचवलं होतं.

टायमिंग चेनचंही तेच. ‘मेंटेनन्स-फ्री’ म्हणून विकलेली चेन सकाळी स्टार्ट केल्यावर खडखडते. चेन ताणून धरणारा टेन्शनर हायड्रॉलिक आहे, ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल पातळ झालं की दाबाचं काय होणार, ते तुम्ही जाणता. पी ००१६ कोड आला होता, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा मेळ बिघडलेला. तुमच्या लोकांनी काय केलं? कोड इरेज केला. ताप उतरवायला थर्मामीटर झटकावा, तसं. जॉबकार्डवर ‘प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड’. आणि त्याच कागदावर, पुन्हा सांगते, ‘ऑइल लेव्हल ओके’.

आमच्या घरातली आधीची गाडीही तुमचीच होती, ती कधी रस्त्यात बसली नाही. त्या विश्वासावर ही घेतली. आता ओळखीत कुणी विचारलं तर काय सांगायचं ते मी ठरवलेलं आहे.

टर्बो वॉरंटीत बदलून हवा. नवा टर्बो बसवण्याआधी ऑइलची फीड लाइन आणि इंटरकूलर साफ झालेच पाहिजेत, नाहीतर तोही जाईल. चेन आणि टेन्शनर उघडून तपासा. रिजनरेशनसाठी ईसीयूचं अपडेट आहे की नाही, ते लेखी कळवा, फोनवर नको. तुमच्या फोनचा अनुभव पुरेसा झाला. आठवड्याभरात लेखी उत्तर आलं नाही तर पुढचं पत्र वकिलांकडून येईल, आणि त्यासोबत तुमच्या मॅन्युअलच्या त्या पानाची प्रत असेल.

तोवर काढलेला टर्बो भंगारात टाकू नका. इंजिनातल्या ऑइलचा नमुना माझ्यासमोर बाटलीत भरून सील करायचा आहे. मी येईपर्यंत ड्रेन प्लगला कुणी हात लावू नये.

तक्रारदार,
गाडीमालक
(आणि घरात गाडीचं जे बघतात, त्याही)