सेल्फ बदलण्यापूर्वी मीटर लावावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस-पंचवीस वर्षे राबलेला पिकअप ट्रक एखाद्या सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) घेत नाही, आणि मग दुरुस्तीच्या नावाने जे सुरू होते ते निदान नसते, सुटे भाग बदलून पाहणे असते. आधी बॅटरी बदलली जाते, त्याने भागले नाही की सेल्फ उतरवला जातो, त्यानंतर इग्निशन स्विचवर संशय घेतला जातो. आणि शेवटी कुणीतरी इंजिनाची अर्थ केबल (प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी तार) सोडून, घासून पुन्हा आवळतो, तेव्हा गाडी एका चावीत सुरू होते. ज्यांचे पोट त्या गाडीवर आहे त्यांच्या खिशाला हा अंदाजपंचे कारभार परवडणारा नाही. साध्या मल्टिमीटरने आणि चावी फिरवायला एका मदतनिसाला घेऊन हा दोष बहुतेक वेळा जागेवरच पकडता येतो, आणि तो कसा पकडावा हे गाडीमालकांनाही कळावे, म्हणून हे पत्र.

पहिली तपासणी कानांनी करायची असते. चावी फिरवताच कट्कट् असा भराभर आवाज येत असेल, तर सॉलेनॉइड (सेल्फला मोठा प्रवाह जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फने प्रवाह मागताच व्होल्टेज कोसळते, सॉलेनॉइड सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या जोडण्या खराब आहेत. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन पुढे काही होत नसेल, तर सॉलेनॉइडचे आतले संपर्क, मोटरच्या फिरत्या भागाला प्रवाह पोचवणारे कार्बन ब्रश किंवा जाड केबल यांकडे पाहावे. काहीच आवाज नसेल, तर बिघाड बहुधा चावीपासून सॉलेनॉइडपर्यंतच्या बारीक वायरीच्या वाटेत असतो. या वेळी हेडलाइट लावून ठेवावेत. चावी फिरवताच ते विझल्यासारखे झाले, तर बॅटरी, तिची टर्मिनले किंवा अडकलेला सेल्फ यांचा संशय येतो. ते जराही मंदावले नाहीत, तर सेल्फपर्यंत प्रवाह पोचतच नाही. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पेटत नाही, ही मात्र वेगळी तक्रार आहे आणि तिच्यासाठी सेल्फ उतरवणे व्यर्थ आहे.

बॅटरीबद्दल थोडक्यात. काही तास उभ्या असलेल्या गाडीत बॅटरीने 12.6 व्होल्ट दाखवले तर ती पूर्ण भरलेली, 12.2 दाखवले तर साधारण निम्मी भरलेली समजावी. गाडी नुकतीच बंद केली असेल तर वरवरचा चार्ज फसवतो, म्हणून हेडलाइट मिनिटभर लावून, विझवून मगच वाचन घ्यावे. पण उभ्या गाडीतल्या वाचनावर विसंबणे बरोबर नाही, कारण आतून थकलेली बॅटरीसुद्धा भाराविना 12.5 दाखवू शकते. सेल्फ फिरत असताना, साधारण उबदार हवेत, व्होल्टेज 9.6 च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना ते 13.8 ते 14.5 च्या दरम्यान नसेल, तर नवी बॅटरीसुद्धा थोड्याच दिवसांत उतरेल किंवा खराब होईल. तिथे दोष बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बाजूचा असतो.

जुन्या गाडीचे खरे दुखणे मात्र केबलींत आणि जोडण्यांत असते. पेट्रोल इंजिनाचा सेल्फ सहज 150 ते 200 अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. एवढ्या प्रवाहात ओहमच्या शंभराव्या भागाइतका विरोधसुद्धा (रेझिस्टन्स) जबर असतो: 200 अँपिअरला 0.01 ओहम म्हणजे 2 व्होल्ट वाटेतच खर्च. साध्या मल्टिमीटरला इतका लहान विरोध ओहममध्ये मोजता येत नाही. केबलीच्या बहुतेक तारा तुटून दोन-चारच शिल्लक असल्या, तरी मीटर ‘शून्य’ दाखवतो आणि कारागीर ती केबल निर्दोष ठरवून पुढे जातो. म्हणूनच प्रवाह वाहत असताना वाटेत किती व्होल्ट हरवतात हे मोजणे, म्हणजेच व्होल्टेज ड्रॉप काढणे, हीच खरी परीक्षा आहे, आणि ती टाळली जाते याची मला मनापासून खंत वाटते.

ही परीक्षा अवघड नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन पेटू नये म्हणून पेट्रोल गाडीत इग्निशन कॉइलची, तर डिझेल गाडीत इंधन रोखणाऱ्या सॉलेनॉइडची वायर काढलेली असावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर थेट शिशावर टेकवावे, दुसरे इंजिनाच्या उघड्या, घासलेल्या धातूवर, आणि मदतनिसाला चावी फिरवायला सांगावे. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असला तर अर्थ ठीक आहे. एखाद्या गाडीत तिथे दीड व्होल्ट दिसला, तर टोक सरकवत यावे: इंजिनावरून चासीवर, चासीवरून केबलीच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर), लगवरून क्लॅम्पवर. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडतो, तिथेच चोर बसलेला असतो. बरेचदा तो इंजिन आणि चासी यांना जोडणाऱ्या विणीच्या पट्टीत, बोल्टखालच्या गंजात किंवा रंगाच्या थरात सापडतो, तर कधी केबल वरून धडधाकट दिसते आणि लगजवळचे आवरण दोन बोटे सोलले की आत तांब्याची हिरवी भुकटी निघते. अर्थ फारच खराब असेल, तर परतीचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार हाताला गरम लागते. हे लक्षण दिसले तर चावी पुन्हा फिरवू नये.

पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या मोटरकडच्या बोल्टपर्यंत, सॉलेनॉइडसह, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट असू नये. ‘टक्’ झाल्यावर सॉलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्येच जवळजवळ 12 व्होल्ट दिसत असतील, तर आतले तांब्याचे संपर्क जळलेले आहेत. उलट मोटरकडच्या बोल्टावर पूर्ण व्होल्टेज येते, अर्थ चांगला आहे आणि तरीही मोटर हलत नाही, अशा वेळीच सेल्फ उतरवावा. ब्रश झिजलेला सेल्फ हातोडीने हलके ठोकल्यावर कधी कधी चालतो, पण ती दुरुस्ती नव्हे.

गाडी मुळीच आवाज करत नसेल, तर चावी फिरवून धरली असता सॉलेनॉइडच्या बारीक वायरीवर किती व्होल्ट येतात ते पाहावे. तिथे काहीच येत नसेल, तर फ्यूज, रिले, इग्निशन स्विच आणि न्यूट्रल किंवा क्लचचा सेफ्टी स्विच क्रमाने तपासावेत. ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये सुरू होत नाही पण न्यूट्रलमध्ये होते, तेव्हा संशय त्या स्विचवरच घ्यावा. बारीक वायरीवर आठ-नऊच व्होल्ट येत असतील, तर थंड इंजिन सुरू होते आणि गरम झालेले हटून बसते, कारण उष्णतेने सॉलेनॉइडच्या वेटोळ्याचा विरोध वाढतो आणि आधीच कमी असलेला प्रवाह अपुरा पडतो. अशा गाडीचा सेल्फ विनाकारण बदलला जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

बॅटरी रात्रीत उतरत असेल तर सगळे बंद करून निगेटिव्ह केबलीच्या वाटेत अँपिअरवर लावलेला मीटर जोडावा; 50 मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह दिसला तर एकेक फ्यूज काढून गळती शोधावी. मीटर असा जोडलेला असताना चावी मात्र कधीही फिरवू नये, कारण बहुतेक मीटर 10 अँपिअरपर्यंतच टिकतात. स्क्रूड्रायव्हरने सॉलेनॉइडचे बोल्ट जोडण्याची सवयही सोडावी: गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, बॅटरी किंवा सेल्फ बदलण्यापूर्वी उभ्या गाडीतले व्होल्टेज, सेल्फ फिरतानाचे व्होल्टेज आणि दोन्ही बाजूंची घट असे चार आकडे त्यांनी बिलावर लिहून द्यावेत. गाडीमालकांनीही ते आकडे मागितल्याशिवाय जुना भाग उतरवू देऊ नये.

आपला,
एक वाचक