विषय: सोसायटीच्या जनरेटरचं इंजिन खोलायच्या आधी कार्बोरेटर साफ करून पाहू

मा. अध्यक्ष भाऊ, नमस्कार.

आपला जनरेटर नीट सुरू होत नाही म्हणून मेकॅनिकनं दिलेलं कोटेशन ग्रुपवर पाह्यलं. पिस्टन, रिंगा, बोअर असं इंजिनच्या आतलं सगळंच काम लिहिलंय, आणि वरून सल्ला की एवढ्या खर्चात थोडे टाकून नवीनच घ्या. मीटिंगमध्ये ते पास व्हायच्या आधी हे वाचून घ्या म्हणून लिहून राहिलो. आपल्या मशीनचं इंजिन चांगलं आहे. माझ्या हिशोबानं दुखणं कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागात आहे.

रिंगा गेलेलं इंजिन लपत नाही, सुरू करायची दोरी ओढताना हाताला जोर लागत नाही, सायलेन्सरमधून निळा धूर येतो, ऑइल सारखं कमी होत राहतं. आपल्याकडे यातलं काहीच नाही. दोरी चांगली कडक लागते. उलट आपली मशीन काय करते ते वॉचमनला विचारा: फुल चोकवर (चोक म्हणजे हवा कमी करणारी झडप) कशीबशी उचलते, चोक उघडला की बंद पडते, आणि अर्ध्या चोकवर ठेवली तर चालते पण आवाज सारखा वरखाली होतो. म्हणजे पेट्रोल कमी पोचून राहिलं, जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक, जाम आहे. काटोलला आमच्या संत्र्याच्या बगीच्यात फवारणीचा पंप अगदी असाच करायचा, दर हंगामाच्या सुरुवातीला.

जाम काहून झाला तर नवतपापासून (मे अखेरच्या कडक उन्हापासून) टाकीत तेच पेट्रोल पडून आहे. ४५ डिग्रीत पत्र्याच्या शेडमध्ये त्यातला हलका भाग, ज्यानं इंजिन पटकन पेट घेते, तो उडून जातो आणि मागे चिकट गाळ राहतो. कार्बोरेटरच्या वाटीत जरासंच पेट्रोल असतं, ते आधी आटतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळते, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून खाली बसतात, म्हणजे बरोबर वाटीत. वाटीच्या खालचा ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढलं की डोळ्यांनी दिसेल.

जेट साफ करताना एकच विनंती, त्यात तार किंवा सुई घालू देऊ नका कोणाला! पितळेचं बारीक भोक असतं ते, मोठं झालं की मग मशीन काळा धूर सोडेल आणि पेट्रोल पीत बसेल. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारायचा आणि हवा मारायची, बास.

तोवर ठिणगी देणारा स्पार्क प्लग पण काढून पाहू. दोरी ओढून ओढून थकल्यावर प्लग ओला निघाला तर पेट्रोल जास्त झालं, कोरडा निघाला तर पोचतच नाही, काळा काजळलेला असला तर एअर फिल्टर बुजला आहे का ते पाहायचं. प्लगच्या टोकाची गॅप साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. स्पार्क बघायचा तर सांडलेलं पेट्रोल पुसून, टाकीचं झाकण लावून, प्लग इंजिनच्या बॉडीला टेकवून. आणि हो, सगळ्यात आधी ऑइल पाहायचं. या मशीनला लो ऑइल सेन्सर आहे, लेव्हल कमी असली किंवा मशीन तिरपी ठेवली तरी तो स्पार्कच बंद करतो, मग वॉचमन बिचारा कितीही दोरी ओढो.

दुसरी गोष्ट जरा सिरीयस आहे. पाऊस लागतो म्हणून मशीन जिन्याखाली आणून चालवतात, हे आजच बंद करा. तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो, त्याला वास नसतो, आणि जिन्यातून तो वर वरच्या मजल्यांवर जातो. तळमजल्याच्या काकू तर दार उघडं ठेवून झोपतात भाऊ. मशीन बाहेर भिंतीपासून लांब, वरून फक्त पत्रा, चारही बाजू मोकळ्या अशी ठेवा.

पुढे हे होऊ नये म्हणून ड्युटीवरच्या वॉचमनला एक सवय लावून द्या. लाईन गेली नाही तरी महिन्यातून एकदा मशीन थोडा वेळ लोडवर चालवायची, आणि बंद करताना स्विच न मारता पेट्रोल कॉक बंद करून आपोआप बंद पडू द्यायची, म्हणजे वाटी रिकामी राहते. लांब पडून राहणार असेल तर टाकीही रिकामी करायची. पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत आणू नका, झाकणाचा कॅन घ्या.

येत्या रविवारी सकाळी मी मोकळा आहे, पाना माझ्याकडे आहे. स्प्रे, नवीन प्लग आणि ताजं पेट्रोल एवढंच सोसायटीच्या खर्चातून आणा. इतकं करूनही नाही उचलली तर खुशाल इंजिन खोला, मी मीटिंगमध्ये हात वर करेन. शेडची चावी तेवढी वॉचमनकडे ठेवायला सांगा, मागच्या वेळी सेक्रेटरी साहेब गावाला घेऊन गेले होते.

आपला,
ए विंग, तिसरा मजला
मानेवाडा रोड, नागपूर