लंडनमध्ये दुपारी घरी यायची सोय करून देणाऱ्या मुलाला

प्रिय बेटा,

जय भीम.

तुझं नाव लिहू नको म्हणालास, म्हणून लिहीत नाही. पण फोनवर ‘थँक यू’ म्हणून मोकळं व्हावं इतकं लहान हे देणं नाही. शिवाय आमच्या विहारातली आणखी तीन जोडपी पुढच्या वर्षी निघायच्या विचारात आहेत. त्यांनाही वाचता यावं म्हणून पत्र उघडंच लिहिते.

तुझा नंबर विहारातच मिळाला होता. आर्णीकडचा एक मुलगा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर लंडनला शिकतो, एवढंच कळलं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, तुझ्या काकांनी एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढला. दोघांच्या पेन्शनीतून साठवलेल्या पैशांवर आयुष्यात एकदाच लंडनला जायचं, बाबासाहेब राहिले ते घर बघायचं, हे केव्हाचं ठरलेलं. २०२४ च्या जुलैची तिकिटं काढली, व्हिसाच्या मागे लागलो, आणि राहायचं कुठे यावर गाडी अडली. एजंटानं दाखवलेलं हॉटेल नावापुरतं लंडनमध्ये होतं, प्रत्यक्षात विमानतळाला चिकटून. दुसरी खोली साउथॉलमध्ये, लंडनच्या पश्चिम कडेला. ‘आपली माणसं आहेत, आपलं जेवण मिळतं’ असं ज्यानं त्यानं सांगितलं. दोन्हींत स्वस्त कोणतं, एवढंच मला तुला विचारायचं होतं.

आणि तू विचारलंस, “काकू, गुडघे कसे आहेत?”

खरं सांगू, मला रागच आला. मी खोलीचं विचारते आणि हा पोरगा माझे गुडघे काढतो! मग तू समजावलंस. तिथली पुष्कळशी लहान हॉटेलं म्हणजे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची अरुंद घरं, चार-चार मजली, बऱ्याच ठिकाणी लिफ्टच नाही, आणि स्वस्त खोली हमखास सगळ्यात वरची. ट्यूबचंही, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेचंही, तसंच. एखाद्या स्टेशनात फलाटापासून रस्त्यापर्यंत लिफ्ट, एखाद्यात नुसत्या पायऱ्या, एखाद्यात लिफ्ट आहे पण तिच्यापर्यंत पोचायलाच पायऱ्या. नकाशावर सगळे ठिपके सारखेच दिसतात. हे आम्हाला यवतमाळात बसून कसं कळणार होतं?

मग म्हणालास, काय काय बघायचंय ते सांगा. मी यादी वाचली. पहिलं १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, म्हणजे एलएसई. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. घेतली, ती तिथली. मग बॅरिस्टरीचं ग्रेज इन, आणि ज्याच्या ग्रंथालयात ते दिवस दिवस बसून वाचायचे ते ब्रिटिश म्युझियम. राजवाडा, मोठं घड्याळ वगैरे वेळ उरला तर. तू हसलास आणि म्हणालास, “मग तर सोपं आहे. तुमची सगळी ठिकाणं एका बसच्या रस्त्यावर आहेत.”

त्या रात्री तू फोनवर पाठवलेली त्या बसच्या रस्त्याची रेघ मी वहीत उतरवून ठेवली आहे. १ नंबरची बस. ऑल्डविचला उतरलं की एलएसई, हॉबर्नला ग्रेज इन, रसेल स्क्वेअरला म्युझियम, पुढे यूस्टन, कॅम्डन, आणि चॉक फार्मला उतरून रेल्वेवरचा पूल ओलांडला की बाबासाहेबांचं घर. काकांनी चष्मा लावून ती रेघ पाहिली आणि म्हणाले, “हे तं आपल्या यष्टीसारखंच हाय. रूटवर राहावं, डेपोत काऊन राहायचं? पोरगा बरोबर बोलून राह्यला.” विषय तिथेच मिटला.

साउथॉलला तू वाईट म्हणाला नाहीस, हे इथे मुद्दाम लिहिते. २०२२ पासून एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे झाली, तिथून मध्य लंडनला आता पटकन पोचता येतं, हे तूच सांगितलंस. फक्त म्हणालास, “तरण्या माणसाला चालतं. तो सकाळी निघतो, रात्री येतो. तुम्हाला दुपारी दोनला पडायला घरी येता आलं पाहिजे.” एवढं साधं वाक्य, पण एजंटाला सुचलं नाही, दोनदा युरोप करून आलेल्या आमच्या शेजाऱ्यांनाही सुचलं नाही. काकांची बीपीची गोळी जेवणानंतरची, त्यावर तासभर आडवं व्हावंच लागतं. जुलैत तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. दुपारी झोपून पाचला पुन्हा बाहेर पडलो तरी पुढे चार तास मिळायचे. आम्ही सात दिवसांत जेवढं पाहिलं तेवढं त्या पहाटे सहाला निघणाऱ्या टूरवाल्यांनी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. (शेजाऱ्यांनी हे वाचलं तर वाचू दे.)

आणि तू जागा कुठली शोधलीस! उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी घरी गेले की विद्यापीठं वसतिगृहातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात, हे मला कोण सांगणार होतं? त्यात ब्लूम्सबरीतलं, त्याच बसच्या रस्त्यावरचं हे वसतिगृह खुद्द एलएसईचं. बुकिंगच्या अर्जावर ते नाव वाचून मी बराच वेळ काही बोलले नाही. खोली साधी, दोन पलंग, एक टेबल, न्हाणीघर सामायिक. बत्तीस वर्षं शाळेतली न्हाणीघरं पाहिलेल्या बाईला त्याचं काय! तळमजल्याची खोली मागून घ्या म्हणालास, ती मिळाली.

काकांनी हिशेबही मांडला, जुनी सवय. साउथॉल भाड्याच्या चौथ्या झोनमध्ये, म्हणजे पट्ट्यात. तिथून रेल्वेनं आणि ट्यूबनं रोज हिंडलं तर २०२४ मध्ये दिवसाला माणशी जास्तीत जास्त १२ पौंड ३० पेन्स कापायचे, दोघांचे २४ पौंड ६० पेन्स. नुसत्या बसनं कितीही फिरा, तेव्हा दिवसाला माणशी ५ पौंड २५ पेन्सच्या वर कापत नव्हते, म्हणजे दोघांचे साडेदहा. आमची खोली महाग होती, पण रोजचे चौदा पौंड, म्हणजे पंधराशे रुपये, इथे परत मिळत होते. भाडं कापून घ्यायला दोघांना दोन वेगळी कार्डं हवीत, एकावर चालत नाही, हेही तू आधीच बजावलं होतंस. काकांना एकच गोष्ट लागली. बसमध्ये कंडक्टरच नाही आणि रोख पैसे घेतच नाहीत. “मंग तिकीट कोन फाडते?” म्हणून पहिल्या दिवशी ते खालीच उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून मात्र वरच्या मजल्यावर, सगळ्यात पुढच्या सीटवर.

पहिल्या सकाळचं एक सांगायचं राहिलं. बाबासाहेबांच्या शोधात म्हणून निघालो, आणि वसतिगृहाजवळच्या टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये आधी भेटले ते गांधीजी, मांडी घालून बसलेले. काका म्हणाले, “हे इथंबी अगोदर!” आम्ही दोघं हसत सुटलो.

किंग हेन्रीज रोडबद्दल फारसं लिहीत नाही. निळी पाटी पाहिली, काकांनी टोपी काढली, मी चपला काढायला लागले तर त्यांनी थांबवलं, हा रस्ता आहे म्हणून. आम्ही त्या घरी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा संध्याकाळी, नुसतंच समोर उभं राहायला. राहायची जागा त्या बसच्या रस्त्यावर नसती तर दुसऱ्यांदा गेलो नसतो.

तिसऱ्या दिवशी तू भेटायला आलास, रसेल स्क्वेअरच्या बागेत. जवसाची चटणी आणि चिवडा दिला तेव्हा मी सहज विचारलं, तू राहतोस कुठे? तू म्हणालास इलफर्डच्या पुढे, एका घरात पाच जण, यायला दीड तास लागतो. ट्यूबनं लवकर येता येतं, पण बस स्वस्त. मी आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्यासाठी जवळची जागा शोधणारं पोर स्वतः इतकं लांब राहतं, शनिवार-रविवार काम करतं, आणि आम्हाला पत्ता लागू देत नाही. बाबासाहेबांच्या चरित्रात वाचलेलं आठवलं, कडक घरमालकीण, सकाळी पावाचा तुकडा, रात्री भाजलेले पापड आणि कपभर दूध. तुला तेव्हा बोलले नाही. परतीच्या बसमध्ये काका खिडकीकडे तोंड करून बसले होते.

तू म्हणशील, काकू फार लिहिते. मास्तरीण आहे, चालायचंच. चटणी संपली असेल तर कळव, तिकडे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पाठवते.

आणि शिक्षण संपवून आलास की आधी आमच्याकडे ये. रेल्वेनं धामणगावला उतर, तिथून यवतमाळची एसटी मिळते. काका स्टँडवर घ्यायला येतील. घर स्टँडपासून चालत सात मिनिटं, जिना नाही, आणि दुपारी पडायला ओसरीवर पलंग आहे.

तुझी,
काकू