आई-पप्पा, यंदा सणाला येत नाही

प्रिय आई आणि पप्पा,

जय ख्रिस्त.

फोनवर सांगायला गेले की आई "बरं बरं, तुमचीही कामं असतात" म्हणते आणि लगेच पाण्याच्या मोटारीचा विषय काढते. मग रात्री मला झोप येत नाही. म्हणून लिहितेय. यंदा आपल्या संत गोन्सालो गार्सियाच्या सणाला आम्ही वसईला, गासला येत नाही. तिकिटं काढलीच नव्हती, तेव्हा पैसे बुडाले म्हणून पप्पांनी हळहळू नये.

कारणं हवी तेवढी आहेत. यांच्या ऑफिसचं वर्ष मार्चला संपतं. तुमच्या नातवाची सहावी आहे, इथे जपानात सहावीला प्राथमिक शाळा संपते, मार्चमध्ये निरोप समारंभ आणि त्याच्या तालमी आत्तापासून. माझी रजा पावसाळ्यात पप्पांच्या गुडघ्यापायी संपली. बोलून दाखवत नाहीये हं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा येईन. हे सगळं खरंच आहे, पण मनातलं कारण वेगळं आहे, आणि ते दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

इथल्या पॅरिशमध्ये जपानी आजी-आजोबा, फिलिपिनो बायका आणि व्हिएतनामची तरुण मुलं. भारतीय म्हणजे आम्ही तिघंच. एकदा चर्चमध्ये मिस्सानंतर चहा घेताना एका आजीने विचारलं, भारतात कुठल्या तुम्ही? वसई म्हटलं तर तिला काय कळणार? मग म्हटलं, गोन्सालो गार्सियाच्या गावची. तिने हातातला कप खाली ठेवला आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मला इतकं अवघडल्यासारखं झालं! आपण केलंय काय, नुसते त्याच्या मातीत जन्मलो.

तर फेब्रुवारीत ही मंडळी नागासाकीला चाललीत. तिथे निशिझाका टेकडीवर गोन्सालो आणि त्याचे पंचवीस सोबती शहीद झाले, त्यांची मिस्सा तिथेच उघड्यावर होते. फादरांनी आम्हाला सांगितलं, जाताना रोझरीचं पहिलं रहस्य तुमच्या भाषेत म्हणा. मी हो म्हणून टाकलंय. आधी आम्हाला विचारायला हवं होतंस असं आई, तू म्हणशील, पण विचारलं असतं तर तू "जा" म्हणाली असतीस आणि नंतर एकटीच डोळे पुसत बसली असतीस.

पप्पा, तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते: इथे गोन्सालोचा दिवस पाच फेब्रुवारीलाच असतो, कारण १५९७ साली त्याच दिवशी त्यांना क्रुसावर चढवलं. बाकी जगात पाचला संत अगाथाचा सण, म्हणून आपल्या कॅलेंडरवर सहा तारीख छापलेली. तेव्हा दरवर्षी तुमचा नि धाकट्या काकांचा जो वाद होतो त्यात तुम्ही दोघेही बरोबर.

टेकडी नागासाकी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही नुसते पाहून आलो. सव्वीस जणांचे पुतळे एका ओळीत, माणसाच्या उंचीचे, काशाचे. पाय खाली टोकदार लोंबतात, जमिनीवर टेकलेले नाहीत. त्यांत तीन मुलं, बाकीच्यांपेक्षा बुटकी. त्यातला सर्वांत लहान बारा वर्षांचा, म्हणजे आपल्या पिल्लूच्याच वयाचा. पिल्लू त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला, काही बोलला नाही. मीही विचारलं नाही.

चौदा वर्षांचा एक थॉमस कोझाकी होता. बापलेक दोघेही त्या सव्वीसांत. क्योटोपासून ऐन थंडीत पायी चालवत नेताना त्याने वाटेत आईला पत्र लिहिलं. आमची काळजी करू नकोस, धाकट्या दोन भावांना सांभाळ, त्यांना परधर्मीयांच्या हाती देऊ नकोस, असं सगळं. मरायला निघालेलं पोरगं आणि घरच्यांना सूचना! म्हणजे मी एकटीच अशी नाही.

तर आता माझ्या सूचना.

पप्पा, मिरवणुकीत मूर्तीला खांदा दादाचा मुलगा देईल. मी दादाशी बोलले, तो पुढे बोलला. रागावू नका. तुमची जागा कोणी घेतली नाही, लहानपणी मला त्याच खांद्यावर बसवून बँड दाखवलात, तो खांदा आता जरा सुटीवर आहे इतकंच. चर्चच्या डाव्या दाराशी सावलीत हातांची खुर्ची ठेवायला सांगितलंय. प्लास्टिकची बिनहाताची नको, तिच्यावरून उठताना तुम्ही डगमगता. मूर्ती तिथूनच जाते, तुम्हालाच सगळ्यांच्या आधी दिसेल. आणि छत्री घ्या. त्या वर्षीसारखं नको.

आई, जेवण केटररकडे दिलंय. आगाऊ रक्कम गेली, तेव्हा मोडता येणार नाही. चाळीस माणसांचं मटण तुझ्या हाताचं व्हायला हवं हे मान्य, पण मिस्सा तू कधी बसून ऐकलीस ग? लक्ष सगळं घरच्या टोपात. यंदा सणाआधीच्या नोव्हेनाच्या प्रार्थनेला नऊही दिवस चर्चला जा, रिक्षावाल्याला महिन्याचे पैसे देऊन ठेवलेत, तो साडेपाचला दारात येईल. वडे मात्र तूच कर, थोडे, घरच्यांपुरते. ते केटररला जमणार नाहीत हे मीही जाणते.

एक काम आहे तुझ्यासाठी, आणि ते दुसऱ्या कोणाला जमणारं नाही. नातवाकडून रोझरी पाठ करून घे. नोव्हेनाहून आलीस की फोन लाव, इथे रात्र होते पण तो जागा राहील. 'ळ' त्याला येत नाही. तुझा 'ळ' ऐकूनच येईल. ओरडू नकोस पण, माझ्यावर ओरडायचीस तशी. मी रडायचे आणि मग तूच सुकेळी हातावर ठेवायचीस, ती लाच मला अजून आठवते.

एप्रिलच्या शेवटी इथे आठवडाभर सुट्या असतात. तेव्हा येतोय, तिकिटं बघून ठेवलीत, या वेळी खरंच. पप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या आधी उरकून घ्या, मी येण्याची वाट बघत थांबवू नका. बीपीची गोळी सणाच्या सकाळी विसरायची नाही, उपास असला तरी.

तुमची,
बाय

ता. क. मोठ्या टोपाचं झाकण वरच्या माळ्यावर आहे, वहिनीला सांग. स्टुलावर तू चढू नकोस.