‘काहून करायचं आहे सीएफए?’ असं विचारणाऱ्या ताईंना

ताईंना सप्रेम नमस्कार,

एमबीएला ॲडमिशन मिळाल्याचे पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही मला आभार मानूच दिले नाहीत. लगेच विषय बदललात आणि चहा टाकायला उठलात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. धंतोली-रामदासपेठेतल्या सीएंच्या ऑफिसांत आणि गावभरच्या अभ्यासिकांत कितीतरी बी.कॉम. झालेली मुलंमुली आज हाच प्रश्न घेऊन बसली आहेत: एमबीएच्या आधी सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट, गुंतवणूक-विश्लेषणाची तीन लेव्हलची परीक्षा) करावं का? त्या सगळ्यांना तुमच्यासारखी ताई भेटेलच असं नाही.

माझ्या वर्गातल्या निम्म्या जणींचं सीएफएचं ठरलं होतं. एका क्लासच्या काउन्सेलरनं मला सांगितलं होतं की लेव्हल एक पास झालीस तर प्रोफाइल मजबूत होतं, ॲडमिशन सोपी जाते. बाबांनी पैशांची तयारीही केली होती. तेव्हा मी तुमच्या हाताखाली ऑडिटचं काम करत होते. तुम्ही ऑडिटच्या फायली बाजूला सारून एवढंच विचारलंत, "काहून करायचं आहे सीएफए? नोकरीसाठी का ॲडमिशनसाठी?" मला उत्तर सुचेना. तुम्ही ते माझ्याऐवजी दिलं नाहीत. कोरा कागद पुढे ओढलात आणि हिशेब मांडायला लावलात.

तो कागद मी जपून ठेवला आहे. एका लेव्हलला साधारण 300 तास अभ्यास लागतो, असं सीएफए इन्स्टिट्यूट स्वतःच सांगते. अशा तीन लेव्हल. पहिलीतच 180 प्रश्न आणि साडेचार तासांचा पेपर, दर दहा जणांत साधारण चार जण पास होतात. फी डॉलरमध्ये, पहिल्याच लेव्हलला लाखाच्या आसपास. तिन्ही लेव्हल झाल्या तरी चार्टर, म्हणजे शेवटचं प्रमाणपत्र, हातात पडायला किमान 36 महिन्यांत मिळून 4000 तासांचा संबंधित कामाचा अनुभव हवा. म्हणजे मी अर्ज करणार तेव्हा माझ्याकडे चार्टर नसणार, फार तर पास झालेली एक लेव्हल असणार. कागदाच्या दुसऱ्या बाजूला कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा: नोव्हेंबरमध्ये दोन तासांचा पेपर, 40-40 मिनिटांचे तीन भाग, आणि डेबिट-क्रेडिटचा एकही प्रश्न नाही. उतारे वाचायचे, तक्ते सोडवायचे, अंकगणित-बीजगणित करायचं. माझं वाचन कच्चं होतं, हे तुम्हाला माझ्या ऑडिट रिपोर्टांवरूनच कळलेलं होतं. ते 300 तास कुठे घालायचे, हे त्या कागदावर मला आपोआप दिसलं.

तुमचं एक वाक्य तर मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं आहे. "बी.कॉम. आणि ऑडिटचं काम तुझ्या बायोडेटात आहेच. तुला आकडे कळतात, हे त्यांना तिथूनच समजतं. तेच पुन्हा सांगायला लाखभर रुपये काहून घालतेस?" माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म हेच आहे. प्रमाणपत्राची किंमत सगळ्यांसाठी सारखी नसते. जे बायोडेटात नाही ते त्यानं सांगितलं, तरच ते वजनदार. म्हणूनच माझ्या मैत्रिणीला, इंग्रजी साहित्यात बी.ए. केलेलीला, तुम्ही नेमका उलटा सल्ला दिलात. आकड्यांशी तिचं जमतं हे दाखवणारं काहीतरी तिच्या हातात हवंच होतं. पण तिलाही तुम्ही थेट सीएफएला पाठवलं नाहीत. आधी एनआयएसएमची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं स्थापन केलेल्या संस्थेची, म्युच्युअल फंडांची परीक्षा द्यायला लावलीत. 100 प्रश्न, दोन तास, निम्मे गुण मिळाले की पास. विषय आवडतो की नाही, हे त्यातून थोड्या पैशांत कळलं. तिला आवडला, आणि ती आता जीमॅट या एमबीएच्या दुसऱ्या प्रवेश परीक्षेच्या मागे लागली आहे, कारण त्याचा स्कोअर पाच वर्षं चालतो आणि तिला आधी नोकरी करायची आहे.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले, ते स्टॉक ऑडिट, म्हणजे बँकेचं कर्ज असलेल्या व्यापाऱ्याचा माल जागेवर जाऊन तपासणं. तुम्ही मला टॅक्सच्या टेबलावरून उठवून कळमन्याच्या बाजारात सोबत नेऊ लागलात. शीतगृहात लाल मिरचीची पोती मोजायची, नाकातोंडात ठसका जायचा, आणि मग व्यापाऱ्यानं बँकेला दिलेल्या मालाच्या स्टेटमेंटशी ताळा करायचा. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि उधारीच्या जोरावर बँकेतून किती पैसे उचलता येतात, ती कशी काढतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण समजलं ते तिथे. ज्या मालाचे पैसे अजून चुकवलेले नाहीत तो वजा, गिऱ्हाइकांकडे 90 दिवसांच्या वर अडकलेली उधारी सहसा धरायचीच नाही, उरलेल्यातून बँक राखून ठेवते ते मार्जिन वजा, मग जे राहतं तेवढंच उचलता येतं. वहीत नफा दिसतोय आणि तरी व्यापाऱ्याला हमालांच्या मजुरीसाठी धावपळ करावी लागते, हे का होतं ते त्या पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून तुम्ही समजावलंत. परत येताना गाडीत तुमचे प्रश्न ठरलेले असायचे: पैसा नेमका कुठे अडकलाय? या धंद्यात निर्णय कोण घेतो? हा माणूस भाव पडले तरी माल का विकत नाही? उत्तरं वहीत लिहायची सवय तुम्हीच लावलीत.

एमबीएच्या इंटरव्ह्यूत पॅनलनं मला याच गोष्टी विचारल्या. बॉन्डच्या ड्युरेशनसारख्या सीएफएतल्या विषयांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मिरचीचा व्यापारी, त्याची उधारी आणि बँक यांच्यावरच सगळं चाललं होतं. मी बोलत राहिले, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

सीएफएबद्दल तुम्हाला आदर आहे, हेही इथे लिहायलाच हवं, नाहीतर तुमच्यावर अन्याय होईल. तुम्ही स्वतः पहिली लेव्हल काढलेली आहे आणि त्यातल्या नीतिशास्त्राच्या भागाचं तुम्हाला फार कौतुक आहे. इक्विटी रिसर्चमध्येच जायचं, फंड मॅनेजमेंटच करायचं, असं पक्कं असलेल्या आपल्या ऑफिसातल्या मुलाला तुम्ही म्हणालात, "तू सीएफएच कर, एमबीएचा विचारही नको." मोठ्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे जाते, वर तेवढे दिवस पगार नाही. सीएफए नोकरी सांभाळून होतं आणि पास झालेल्या लेव्हलला मुदत नसते. त्याचं गणित वेगळं होतं, म्हणून उत्तरही वेगळं. एकच सल्ला सगळ्यांना वाटणारे पुष्कळ भेटले. तुम्ही प्रत्येकाचा कागद वेगळा मांडलात, त्याचं मोल मला फार आहे.

आणि बाबा. मुलीच्या हातात काहीतरी छापील असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता आणि तो काळजीपोटीच होता. तुम्ही रविवारी मुद्दाम प्रतापनगरला घरी आलात, त्यांचं सगळं ऐकून घेतलंत आणि तोच कागद त्यांच्यापुढे ठेवलात. सीएफएसाठी काढून ठेवलेले पैसे आता होस्टेल आणि लॅपटॉपसाठी कामी येत आहेत, असं ते परवा आईला सांगत होते.

जूनमध्ये वर्ग सुरू होतील. तिथे मार्केटिंग, ऑपरेशन्स, संख्याशास्त्र, सगळंच वाट्याला येणार. दुसऱ्या वर्षी फायनान्स घ्यावंसं वाटलं तर लेव्हल एकचा विचार तेव्हा करायचा, असं आपलं ठरलं आहे. दिवाळीच्या सुट्टीत येईन तेव्हा त्यासाठी नवा कागद घेऊन बसू. तोवर कळमन्याला ऑफिसातल्या नवीन मुलीला सोबत न्या. तिनं मला विचारलं होतं, मी तिला तुमच्याकडे पाठवते आहे.

तुमची,
ऑडिटच्या टेबलावरची धाकटी
नागपूर