अध्यक्षपदाचा अर्ज भरण्याआधी

सातारा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या जिल्हा संघटनेच्या अध्यक्षपदाला तू उभी राहतेयस हे आईकडून कळलं. दादाला म्हणे आधीच माहीत होतं. असो. फोनवर बोलायला गेलं की आपला दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहितो.

आधी संघटनेची घटना काढ आणि मतदानाचं कलम वाच. वर्गणी कोणत्या तारखेपर्यंत भरलेली असली म्हणजे मत देता येतं, ते त्यात असतं. अशा निवडणुका कोर्टकचेरीत अडकतात त्या बहुतेक मतदार यादीवरूनच. यादीची सही-शिक्क्याची प्रत अर्ज भरण्याआधी माग, नंतर नको. सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची हेही पाहा. ग्रुपवर टाकली म्हणजे पोचली, असं समजू नको, पोच घे. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाली नाही तर तहकूब सभेचा नियम काय, ते खुणेचा कागद घालून ठेव. कराडचे सभासद एमएच ५० च्या आरटीओ कार्यालयात जातात, आपण एमएच ११ ला. दोघांची रडगाणी वेगळी आहेत. कराडला स्वतः जाऊन बस. मामाला पाठवू नकोस, तो भलतंच कबूल करून येईल.

निवडून आलीस तर हार-तुरे घ्यायच्या आधी बदल अर्जाचं, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची नोंद करायच्या अर्जाचं, बघ. संस्थेची नोंदणी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आहे, म्हणजे कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात तो दाखल झाला पाहिजे. सोबत नोटीस, हजेरी, इतिवृत्त आणि नव्या मंडळींची संमतिपत्रं लागतात. हे राहिलं की दप्तरी जुनीच नावं राहतात, बँक सह्या बदलून देत नाही आणि नवा अध्यक्ष चहाच्या बिलासाठीसुद्धा जुन्याच्या दारात उभा राहतो.

आता एक गोष्ट. अध्यक्षाचा फोन दिवसभर वाजतो. चाचणीचा स्लॉट मिळत नाही, सर्व्हर बंद आहे, इन्स्पेक्टरनं परत पाठवलं, सगळे तुलाच विचारणार. आणि तू डाव्या सीटवर, शिकवणाऱ्याच्या जागी असणार. गाडी ताशी ३० किलोमीटरनं चालली तरी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते. कोणाचा फोन आहे एवढं बघण्यात दोन सेकंद गेले, की सोळा-सतरा मीटर गाडी नवशिक्याच्या एकट्याच्या हातात. पुन्हा हे लिहिणार नाही.

तुझ्या जाहीरनाम्याबद्दल. सगळे उमेदवार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांच्या विरोधात बोलतील. १ जुलै २०२१ पासून ते नियम लागू आहेत. हलक्या वाहनासाठी एक एकर जागा, चार आठवड्यांत २९ तास, त्यातले २१ प्रत्यक्ष गाडीवर, आणि तिथून पास झालेल्याला आरटीओच्या चाचणीतून सूट. एका खोलीत वर्ग चालवणाऱ्याला भीती वाटणारच. कोरेगावची जागा धरूनही आपल्याला ते जमणार नाही. पण आपल्या जुन्या नियमाप्रमाणे किमान २१ दिवस आणि १० तास प्रत्यक्ष चालवणं आहे, ते तरी किती जण देतात? तासाच्या फेरीत तिघांना बसवायचं आणि तिघांच्याही नावावर नियमाचे तास पूर्ण लावायचे, ही रीत आहे. प्रत्येकाच्या हातात स्टिअरिंग येतं वीस मिनिटं. २१ दिवसांचे सात तास होतात. दहाला तीन तास कमीच पडले. नमुना १५ च्या, म्हणजे चालवण्याच्या तासांच्या वहीत मात्र दहा. केंद्रांविरुद्ध निवेदन द्यायला गेलीस आणि समोरच्या अधिकाऱ्यानं ही वही मागितली, तर काय सांगशील? मी तरी हा मुद्दा पहिला घेईन. मतं जातील, हे खरं. घाबरून मागे घेऊ नकोस. किंवा घे, तुला तिथलं राजकारण जास्त कळतं.

आपली वही तर स्वच्छ आहेच, तूच ठेवतेस. स्कूलचा परवाना पाच वर्षांचा असतो आणि नूतनीकरणाचा अर्ज, नमुना १३, मुदत संपायच्या ६० दिवस आधी जायला हवा. विरोधक तिथंच बोट ठेवतील. तारीख बघून घे.

खूप शिकवलं का? माफ कर. मोटार मेकॅनिकच्या आयटीआयला नाव घातलंस तेव्हाही सगळ्यांनी असंच शिकवलं होतं तुला. आत्या म्हणाली होती, ग्रीसचे हात घेऊन पोरगी पाहुण्यांपुढं कशी येणार. तू ब्रेक शू काढलेला ड्रम तसाच अंगणात आणून तिला दाखवलास. आज ती सोसायटीभर सांगत फिरते की आमची मनू अध्यक्ष होणार. अजून अर्जही भरलेला नाही.

सकाळच्या बॅच नव्या पोराला देणार असशील तर आधी आठवडाभर त्याला मागच्या सीटवरून बघ. हुशार आहे, पण विद्यार्थ्याचा क्लच तो स्वतःच दाबतो. त्यानं गाडी बंद पडत नाही, विद्यार्थी खूश होतो, पण हाफ क्लच कुठं पकडतो हे पायाला कधी कळतच नाही. मग यवतेश्वरच्या चढावर गाडी मागे येते. शिवाय क्लच प्लेट जळते ती वेगळीच. त्याचा पाय क्लचवर नको, ब्रेकजवळ हवा. आणि त्याचाही फोन डॅशबोर्डवर नको. तुझा तर नकोच. संघटनेचं सिम वेगळ्या फोनमध्ये घाल आणि तो ऑफिसात आईजवळ ठेव. ती नावं लिहून घेईल, तिला आवडतं. हे पुन्हा लिहिलंच मी.

जुन्या गाडीच्या ड्युअल ब्रेकची, म्हणजे शिकवणाऱ्याच्या बाजूच्या ब्रेकची, केबल ताणली गेली आहे, पॅडल बरंच खाली गेल्याशिवाय ब्रेक लागत नाही. नटानं ॲडजस्ट करून फार दिवस चालणार नाही. नवी केबल मागवून ठेवली आहे, शनिवारी गाडी आणून सोड. डावीकडची मॅट पण काढ, ती सरकून पॅडलखाली जाते. वेदूची सहामाही संपली असेल तर त्यालाही घेऊन ये.

तुझे,
बाबा